आजोळचा जांभळा डेलिया पुण्यात जगवायचा आहे. कंद आत्ता काढू की थांबू?

खळ्यातली_जाई | १८ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते, आजोळ सावंतवाडीजवळ. तिथे खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या कडेला, तुळशीवृंदावनामागे जांभळ्या डेलियाची एक रांग आहे. आजीने लावलेली. आजीला जाऊन तेवीस वर्षं झाली, पण रांग अजून आहे. तिला कुणी मुद्दाम खत घातलेलं मी पाहिलेलं नाही. पहिला पाऊस पडला की मातीतून लालसर कोंब वर येतात, श्रावणात कळ्या धरतात आणि गणपतीत कमरेएवढी झाडं फुलांनी वाकलेली असतात. फूल फार मोठं नाही, चहाच्या बशीएवढं. पाकळ्यांची टोकं पांढुरकी. आमच्या गणपतीच्या हारात मधोमध हेच फूल असतं.

यंदा मामाने सांगितलं की दिवाळीनंतर खळ्यात पेव्हर ब्लॉक बसवणार. मामीच्या गुडघ्यांना पावसाळ्यातला चिखल झेपत नाही, तेव्हा त्यावर मी काही बोलणार नाही. मला फक्त ही झाडं वाचवायची आहेत.

गेल्या वर्षी एक प्रयत्न करून झाला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी एक गड्डा उपटला, स्वच्छ धुतला, कंद सुटे केले, गच्चीत दोन दिवस वाळवले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवले. सात कंद होते. फेब्रुवारीत उघडून पाहिलं तर पाच कंदांची सुंठ झालेली. उरलेले दोन जूनमध्ये कुंडीत लावले, रोज पाणी घातलं. महिनाभर काहीच नाही. उकरून पाहिलं तर मऊ होऊन कुजलेले. फार वाईट वाटलं. आता पुन्हा एकच संधी आहे. कंद लगेच काढून आणू का? कृपया नीट सांगा.

गच्चीबाग_ठाणे | १८ सप्टेंबर

माझ्याकडे उत्तर नाही, पण मीही कुजवलेत, म्हणून धागा वाचत राहणार. एक मात्र सांगते. एका संकेतस्थळावर निळ्या डेलियाचं चित्र पाहून मी कंद मागवले होते. आले ते वाळलेले तुकडे, उगवला एकही नाही. नंतर कळलं की डेलियात खरा निळा रंग नसतोच. जांभळा, किरमिजी, काळसर लाल, पिवळा, पांढरा, सगळं मिळतं, निळा नाही. कुणी निळा म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

घाटवाट | १९ सप्टेंबर

जाईताई, आत्ता काढू नका. वाईला माझी बाग आहे, तीस वर्षं डेलिया लावतोय. तुमच्या गेल्या वर्षीच्या प्रयत्नात चार चुका दिसतात आणि चारही सुधारता येण्यासारख्या आहेत.

पहिली आणि सगळ्यांत मोठी. फुलं झाली की झाडाचं काम संपलं असं आपल्याला वाटतं. डेलियाचं तसं नाही. दिवस बारा तासांच्या आसपास येऊन आखडायला लागला की मग हे झाड कंद भरायला घेतं. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, सप्टेंबरअखेर तो बारा तासांच्या खाली उतरतो आणि डिसेंबरात अकरा तासांवर येतो. म्हणजे गणपतीत तुम्ही उपटला तो गड्डा अजून रिकाम्या पोटी होता. कोवळे, पाणचट कंद. ते वाळून सुंठ होणारच. पानं हिरवी आहेत तोवर प्रत्येक दिवस कंदात अन्न साठतंय असं समजा. दिवाळीनंतर ब्लॉक बसणार असतील तर दिवाळीपर्यंत हात लावू नका. तेवढे सहा आठवडे सोन्याचे आहेत.

दुसरी, कंद सुटे केलेत. बटाट्याला अंगभर डोळे असतात, म्हणून त्याचा डोळा असलेला कुठलाही तुकडा उगवतो. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. त्याच्या पोटावर डोळा नसतो. डोळे असतात मानेपाशी, जिथे कंद जुन्या खोडाच्या बुंध्याला चिकटतो तिथे. मान मोडली किंवा बुंध्याचा तुकडा सोबत आला नाही, तर कितीही गुटगुटीत कंद असला तरी तो उगवत नाही. मातीत वर्षभर तसाच राहील, पण कोंब नाही. गड्डा आखा ठेवा. वाटणी करायचीच तर कोंब फुटल्यावर करा. तेव्हा डोळे डोळ्यांना दिसतात, अंदाज लागत नाही.

तिसरी, धुवून उघड्यावर ठेवलेत. आपल्या कोरड्या हवेत, फेब्रुवारी ते मे, उघडा कंद टिकत नाही.

चौथी, कोंब नसताना रोज पाणी. कंदाला अजून मुळं नाहीत, पाणी प्यायला तोंड नाही, मग ते पाणी त्याला कुजवतं. लावताना माती ओलसर असावी, बस. कोंब मातीवर दिसेपर्यंत हंडा बाजूला ठेवायचा.

आणि एक गोष्ट मला नेहमी सांगाविशी वाटते. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. १९६३ पासून तो त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. नकाशा काढून पाहा, मेक्सिको शहर साधारण १९ अक्षांशावर आहे आणि पुणे साडेअठराच्या वर. तिकडेही पाऊस जून ते सप्टेंबर, हिवाळा कोरडा. दिवसाची लांबी आपल्यासारखीच. फरक थंडाव्याचा, कारण ते शहर २,२०० मीटर उंचीवर आहे. म्हणूनच तुमच्या आजीची रांग कुणी न बघता जगली. पाऊस आला की उठायचं, पाऊस सरला की कंद भरायचे, कोरड्या दिवसांत झोपायचं, हे त्या झाडाचं मूळचंच वेळापत्रक आहे. आपण ते मोडतो तिथे झाड जातं.

सातासमुद्रापार | १९ सप्टेंबर

घाटवाटकाकांच्या मुद्द्याला जोडून. मी सिअ‍ॅटलला असते. १९१३ पासून या शहराचं अधिकृत फूल डेलिया आहे, त्यामुळे इथे शेजारीपाजारी सगळे तज्ज्ञ! इथे आम्ही एप्रिल-मेमध्ये कंद लावतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं येतात, नोव्हेंबरच्या आसपास गोठलेलं दंव पडून पानं काळी पडली की गड्डे काढून तळघरात ठेवतो. तळघर आपोआप पाचदहा अंशांवर असतं.

हे सांगायचं कारण म्हणजे डेलियावरचे बहुतेक व्हिडिओ या हवामानाचे असतात. आईने नाशिकला ते बघून एप्रिलमध्ये कंद लावले आणि ते उन्हात शिजले. लावणीचा महिना तिकडच्या व्हिडिओतून उचलू नका. कळ्या खुडणं, आधार देणं, कंद विभागणं हे मात्र कुठेही सारखंच, ते जरूर बघा.

पावसाळी | २० सप्टेंबर

जाई, मी कुडाळचा. आमच्या घराकडेही हाच जांभळा आहे, बहुतेक एकाच वंशावळीतला. पूर्वी माहेरवाशिणी जाताना पिशवीत एखादा गड्डा घेऊन जायच्या, असाच तो गावोगाव पसरला.

माझं म्हणणं वेगळं आहे. सगळे पुण्याला नेऊ नकोस. खळ्यात ब्लॉक बसले तरी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेला जागा असेलच. दोन गड्डे तिथे हलव. चढाची जागा बघ, पाणी निथळून जाईल अशी. आमच्याकडे जांभा दगडाची माती, पाऊस कितीही पडला तरी पाणी उभं राहत नाही, म्हणून कंद वर्षभर जमिनीत टिकतात. पुण्यातल्या काळ्या मातीत तसं करशील तर पहिल्याच पावसाळ्यात जातील.

आणि गोगलगायी! जूनमधले कोवळे कोंब रात्रीत साफ करतात. कोंब आलाच नाही असं आपल्याला वाटतं, खरं तर तो खाल्लेला असतो. आई रात्री बॅटरी घेऊन वेचायची आणि मिठाच्या पाण्यात टाकायची. दुसरा कुठलाही उपाय मला इतका खात्रीचा वाटलेला नाही.

खळ्यातली_जाई | २० सप्टेंबर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. गडग्याची कल्पना मला सुचलीच नव्हती, मामीला फोन केला तर तिचा आवाज एकदम खुलला. म्हणाली, विहिरीकडच्या गडग्याला जागा करून ठेवते.

पुढच्या शनिवारी दोन दिवसांसाठी जाणार आहे. कंद काढायचे नाहीत हे ठरलं. पण फांद्या आणून लावता येतील का? म्हणजे गड्डे गेलेच तर काहीतरी हाताशी राहील.

हिरवा_चुडा | २१ सप्टेंबर

येतील, आणि हीच वेळ आहे. आपल्याकडे प्रदर्शनासाठी डेलिया लावणारे बरेचसे लोक कंदावर न थांबता सप्टेंबर-ऑक्टोबरात कटिंग करतात, त्याला डिसेंबर-जानेवारीत फूल येतं.

जाड फांदी घेऊ नका. डेलियाचं जुनं खोड आतून बांबूसारखं पोकळ असतं, ते मुळं धरत नाही, कुजतं. बुंध्यापासून किंवा पानाच्या बेचक्यातून आलेली बोटभर लांबीची, भरीव, कळी नसलेली फूट शोधा. पेराच्या खाली तिरका काप द्या. वरची दोन पानं ठेवा, ती मोठी असतील तर अर्धी कापा. प्रवासासाठी ओल्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, पाण्यात बुडवून नेऊ नका.

घरी आल्यावर धुतलेल्या नदीच्या वाळूत लावा. काहीजण कोकोपीट वापरतात, माझा अनुभव असा की पावसाळी दमट हवेत कोकोपीट फार ओलं राहतं आणि कटिंगचा तळ काळा पडतो. वाळूच बरी. उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. दोन ते तीन आठवड्यांत मुळं येतात. हळूच ओढून पाहिल्यावर अडकल्यासारखं वाटलं की धरलं समजा.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगते. ज्या झाडाच्या पानांवर पिवळ्या-हिरव्या नक्षीसारखे डाग असतील, शिरांच्या कडेने पिवळे पट्टे असतील, झाड खुजं असेल, त्याची कटिंग घेऊ नका. तो विषाणू असतो. औषध नाही. कंदातून, कटिंगमधून, मावा किडीमार्फत आणि आपल्या ब्लेडवरूनही तो पसरतो. प्रत्येक झाडानंतर ब्लेड स्पिरिटने पुसा.

घाटवाट | २१ सप्टेंबर

वाळूबद्दल पूर्ण सहमत. फक्त सुपीक माती मिसळू नका, मुळं येईपर्यंत कटिंगला जेवण लागत नाही.

आणि बियांच्या भानगडीत पडू नका, कुणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, आपल्यात दोन. त्यामुळे बी पेरलं की काय रंग, काय आकार येईल सांगता येत नाही. नवीन जाती त्यातूनच निघतात, ती मजा वेगळी. आजीचाच जांभळा हवा असेल तर कटिंग किंवा कंद, दुसरा रस्ता नाही.

खळ्यातली_जाई | १२ नोव्हेंबर

उशिरा लिहितेय, पण सगळं सांगण्यासारखं झालं आहे.

सप्टेंबरात नऊ कटिंग आणल्या, पाच धरल्या. दिवाळीत पुन्हा गेले. चार गड्डे काढले. गेल्या वर्षीच्या बोटभर कंदांपुढे हे अक्षरशः रताळ्याएवढे! त्याच झाडांचे, फक्त सहा आठवडे जास्त थांबल्यामुळे. काकांना तिथूनच फोटो पाठवावासा वाटत होता. दोन गड्डे विहिरीकडच्या गडग्याला लावले, दोन मातीसकट गोणपाटात बांधून एसटीने पुण्याला आणले.

आता पाच रोपांचं काय करू? सहा-सात इंच उंच झालीत.

घाटवाट | १२ नोव्हेंबर

बारा इंची किंवा मोठी कुंडी. बागेची माती, जुनं शेणखत आणि जाड वाळू सारख्या मापात, वर मूठभर निंबोळी पेंड आणि दोन मुठी हाडांचा चुरा. पुण्याची काळी माती असेल तर वाळू वाढवा, आणि त्यात राख घालू नका, ती माती आधीच चुनखडीची असते. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय.

काठी रोप लावतानाच रोवा. नंतर रोवली की मुळं, कंद दुखावतात. ऊन सकाळचं पाच-सहा तास.

तीन-चार पानांच्या जोड्या झाल्या की शेंडा खुडा. जीव वर-खाली होतो, मलाही पहिली काही वर्षं व्हायचा. पण खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत. तुमचा डेलिया मध्यम फुलाचा आहे, चार-पाच फांद्या ठेवा. ताटाएवढ्या फुलाच्या केनियासारख्या जाती असतील तर हिशेब वेगळा, तिथे एक-दोन फांद्या, आणि शेंड्याच्या कळीला लागून येणाऱ्या दोन्ही बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काढायच्या.

खत देताना नत्रावर हात आखडा. युरियाने झाड हत्तीसारखं होतं, फूल येत नाही आणि कंदही टिकाऊ होत नाहीत. शेंगदाणा पेंड दोन-तीन दिवस भिजवून, दहापट पाणी घालून दर पंधरा दिवसांनी. कळ्या दिसल्या की ते थांबवा आणि ०:०:५० (पाण्यात विरघळणारं पालाशचं खत) लिटरला तीन ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

गच्चीबाग_ठाणे | ३ डिसेंबर

माझ्याही कटिंग लागल्या! पण शेंड्यावर काळा मावा आणि खालच्या पानांवर पांढरी पूड.

हिरवा_चुडा | ३ डिसेंबर

मावा पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, मग निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणासकट, संध्याकाळी. पांढरी पूड म्हणजे भुरी. खालची एक फूटभर पानं काढून टाका, हवा खेळू द्या, पाणी पानांवर नको, मुळाशी. राहिलीच तर पाण्यात विरघळणारं गंधक, तेही निंबोळी तेलानंतर दोन आठवडे सोडून. दोन्ही लागोपाठ दिलंत तर पानं करपतील.

खळ्यातली_जाई | २७ जानेवारी

काल पहिलं फूल पूर्ण उमललं. आजोळच्यापेक्षा गडद आहे, बहुधा थंडीमुळे. पांढुरकी टोकं मात्र तीच. मी सकाळी तीनदा बाल्कनीत जाऊन आले.

त्याच दिवशी पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात गेले होते. डेलियांची अख्खी रांग होती, एकेक फूल ताटाएवढं, पाकळी पाकळी मोजून लावल्यासारखी. तिथे एका माळीकाकांना माझ्या फुलाचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हा जुना आहे, सोडू नका.

सातासमुद्रापार | २८ जानेवारी

हे वाचून इथल्या पावसात बसून डोळे भरून आले. जाई, माझ्या आईसाठी एक कटिंग ठेवशील का? नाशिकला.

खळ्यातली_जाई | ९ मार्च

ठेवणार, नक्की. काका, फुलं संपली, पानं पिवळी पडायला लागली. आता कसं साठवू? हीच पायरी मला सर्वांत भीतीदायक वाटते.

घाटवाट | ९ मार्च

पाणी हळूहळू तोडा, एकदम नको. पानं वाळली की खोड चार-पाच बोटं ठेवून कापा. ते पोकळ असतं हे लक्षात आहे ना? त्या नळीतून पाणी थेट गड्ड्याच्या मानेत उतरतं आणि डोळे कुजतात. तोंडावर शेण-मातीचा लपका लावा.

कुंडीतून काढूच नका. कुंडी आडवी करून जिन्याखाली किंवा उत्तरेच्या सावलीत ठेवा. मातीच कंदाचं पांघरूण. वीस दिवसांनी एकदा अर्धा पेला पाणी शिंपडायचं, माती पूर्ण राख होऊ नये एवढ्यापुरतं. गोणपाटातले गड्डे कोरड्या वाळूच्या मडक्यात पुरा, कापलेल्या जागी गंधकाची पूड. महिन्यातून एकदा हात घालून चाचपा. मऊ लागला तो लगेच काढा, सुरकुतला तर वाळूवर पाण्याचा एक हबका.

फ्रिजमध्ये फळांशेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू कोंबांना मारक असतो.

खळ्यातली_जाई | १४ जून

सात जागी कंद ठेवले होते, पाच कुंड्या आणि दोन मडकी. एका कुंडीतला कुजला. बाकी सहांना कोंब आहेत! काकांनी सांगितलं तसं गड्डा हातात घेऊन पाहिला, डोळे खरंच मानेपाशीच, गुलाबी, तांदळाच्या दाण्याएवढे. आता मला ते आयुष्यभर ओळखू येतील.

एका रोपाच्या पानांवर मात्र पिवळ्या रेषा आहेत. फोटो टाकला आहे.

हिरवा_चुडा | १४ जून

विषाणूच आहे. लोह कमी असतं तेव्हा पान सारखं पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. इथे शिरांच्याच कडेने पिवळं आहे आणि पान वाकडं झालंय. मन घट्ट करून कंदासकट काढून टाका, कंपोस्टमध्येही नको. बाकीची पाच वाचवायची आहेत.

खळ्यातली_जाई | १५ जून

काढलं. कठीण गेलं.

पावसाळी | ३० ऑगस्ट

मंडळी, काल गणपतीसाठी गावी असताना जाईच्या आजोळी डोकावून आलो, वाटेवरच होतं. विहिरीकडच्या गडग्याला दोन्ही गड्डे फुललेत. एकाला मी अकरा फुलं मोजली. मामींनी चहा दिला आणि खळ्यातले ब्लॉक दाखवले, एका कोपऱ्यात चार ब्लॉक त्यांनी बसवूच दिले नाहीत. तिथून एक कोंब आला होता म्हणे. आता ते झाड गुडघ्याएवढं आहे, कळ्या आहेत.

खळ्यातली_जाई | ३० ऑगस्ट

मला तिने हे सांगितलंच नव्हतं! आम्ही उद्या पोचतोय. नाशिकच्या काकूंसाठी आणि गच्चीबागताईंसाठी कटिंग परतताना घेऊन येईन, पण या वेळी वाळू आधीच धुवून ठेवली आहे. काका, त्या चार ब्लॉकांच्या खड्ड्यात पाणी साचत असेल तर काय करायला सांगू मामीला?

घाटवाट | ३१ ऑगस्ट

आत्ता काही खणू नका, कळ्या गळतील. खड्ड्याच्या उताराच्या बाजूचा सांधा पहारीने जरा मोकळा करा म्हणजे पाणी निघून जाईल, आणि बुंध्याशी दोन पाट्या जांभ्याची खडी मातीत मिसळून उंचवटा करा. गड्डा दिवाळीनंतर बघू.

खळ्यातली_जाई | १ सप्टेंबर

पहार मामाने आधीच काढून ठेवली होती. झालं काम. हारात मधोमध आज त्याच कोपऱ्यातलं फूल आहे.